एम.ए. तत्त्वज्ञान, कलिना: वर्षभरानंतरचा अनुभव

मुंबई विद्यापीठाचं तत्त्वज्ञानाचं एम.ए. कलिन्याच्या विद्यानगरीत, ज्ञानेश्वर भवनात चालतं. बी.ए.ला हा विषय नसला तरी झेपतो. तारखा सांभाळता आल्या नाहीत तर मात्र कठीण.

रचना अशी: चार सेमिस्टर, प्रत्येकी २२ क्रेडिट, एकूण ८८. पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धती, दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, पुढच्या दोन्हींत संशोधन प्रकल्प. एका वर्षानंतर ४४ क्रेडिटवर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं.

पदवी कोण घेऊन जातं? सर्वात आधी गळतात यूपीएससीवाले. त्यांना ऐच्छिक विषयाचे ५०० गुण हवे असतात, डिग्रीशी देणंघेणं नसतं. प्रीलिम जवळ आली की हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली. निवृत्त मंडळींचं वाचन दांडगं, पण परीक्षेत तीन प्रश्नांतच वेळ संपतो. टिकतात ते अंतर्गत मूल्यमापनाचं लेखन ठरल्या तारखेला देणारे, मग हुशारी बेताची का असेना.

गुण जातात कुठे, तर न्यायदर्शनाच्या, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेच्या, अनुमानात. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन हे पाच अवयव सगळे पाठ करतात आणि व्याप्ती, म्हणजे धूर आणि अग्नी यांच्यासारखा अपवाद नसलेला संबंध, मात्र एका ओळीत उरकतात. खरा प्रश्न तिथेच असतो. धुरावरून अग्नीचं अनुमान चालतं, अग्नीवरून धुराचं का नाही? तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं इंधन लागतं. ती इथे उपाधी, म्हणजे अनुमान बिघडवणारी छुपी अट. लोखंडाचा गोळा आणि ओलं इंधन, दोन्ही उत्तरात आले तरच परीक्षकाला तुम्हाला कळलंय हे दिसतं. 'धूर तिथे अग्नी' घोकून अर्धेच गुण पडतात.

जर्मन तत्त्वज्ञ कांटबाबत एक सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा'च्या १७८१ आणि १७८७ अशा दोन आवृत्त्या आहेत, आणि संदर्भ ए/बी पानांनी देतात (ए म्हणजे पहिली आवृत्ती, बी म्हणजे दुसरी), उदाहरणार्थ ए ५१/बी ७५. हातातल्या अनुवादाचा पान क्रमांक दिला तर दुसरा अनुवाद वापरणाऱ्याला तो उतारा सापडणारच नाही. हे आकडे समासात छापलेले असतात; झेरॉक्स काढताना समास कापला जातो आणि प्रकल्पाच्या वेळी सगळं पुन्हा शोधत बसावं लागतं. प्लेटोच्या समासातल्या आकड्यांचंही तेच.

मराठीतून लिहिणार असाल तर आधी विभागात विचारून घ्या. परिभाषेसाठी दे. द. वाडेकर संपादित तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश (१९७४) जवळ असू द्या. जुना आहे, पण त्याच्या तोडीचं दुसरं मराठीत फारसं नाही.

शिकवायचा विचार असेल तर नुसतं पास होऊन भागत नाही. नेटसाठी, म्हणजे प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेसाठी, खुल्या प्रवर्गाला एम.ए.त ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०. नेटच्या विषयाच्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. एकही प्रश्न कोरा सोडू नका.