वॉशिंग मशीनचं पाणी काढायचं कुठून? अडचणीच्या स्वयंपाकघरातल्या वाटा

गावाकडच्या घरांचा नकाशा कोणी मशीनच्या हिशेबाने काढलेला नसतो. समोर ओसरी, मग बैठक, मग स्वयंपाकघर, मागे आंगण, अशा आगगाडीच्या डब्यांसारख्या खोल्या. एक भिंत भावकीत सामाईक, तिला छिन्नी लावली की भांडण. ओटा आणि सिंक एका बाजूला, मशीन मावेल एवढी जागा आणि प्लग नेमका समोरच्या बाजूला, आणि मधे मागच्या आंगणात उघडणारं दार. मशीनपर्यंत पाणी आणणं फारसं अवघड नाही. टाकीतून दाबाने येणारं पाणी चौकटीवरूनही नेता येतं. सांडपाणी मात्र उताराशिवाय कोणाचं ऐकत नाही.

मशीन अजून घ्यायची असेल तर उत्तमच, कारण निम्मा निर्णय तिच्या प्रकारावर आहे. सेमी ऑटोमॅटिकला पंप नसतो. बटण फिरवलं की तळाची झडप उघडते आणि पाणी आपल्याच वजनाने बाहेर पडतं. तिची नळी जमिनीवर लोळलेलीच हवी. मधे तीन-चार इंचांचा उंबरठा आला तरी टबात पाणी तुंबून राहतं. फ्रंट लोडला पंप असतोच, त्यामुळे ती पाणी वर फेकते. टॉप लोड फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये दोन्ही प्रकार मिळतात, आणि दुकानदार ते आपणहून सांगेलच असं नाही. मशीन वळवून मागून बघा. नळी तळाशी निघून सरळ खाली लोळत असेल तर ती बहुधा बिनपंपाची. वर आकड्यात अडकवून दिली असेल तर पंपाची. तरी पैसे मोजण्याआधी विचारून खात्री करून घ्या.

पंप आहे म्हणून कशीही नळी टाकली तर चालते, असंही नाही. फ्रंट लोडच्या नळीचा वरचा वळसा साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर हवा. मशीनसोबतच्या पुस्तिकेत हा आकडा असतो, तो पाळा. नळी जमिनीवर सोडली तर सायफन बसतो. मशीन वरून पाणी घेत राहते, खालून ते निघून जात राहतं आणि धुणं काही पुढे सरकत नाही. अशा वेळी 'मशीन खराब निघाली' म्हणून तक्रार जाते, प्रत्यक्षात नळीच खाली पडलेली असते.

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे सिंक. नळीचा आकडा सिंकच्या कडेला अडकवायचा आणि मोकळं व्हायचं. पंपाची मशीन, भाड्याचं घर आणि मशीन सिंकच्या शेजारी असेल तर मी हेच सांगेन. मात्र नळी सुतळीने नळाला बांधा, कारण पाण्याच्या पहिल्या झटक्याला ती उडी मारते आणि सगळं पाणी फरशीवर येतं. धुणं चालू असेपर्यंत सिंक रिकामं ठेवावं लागतं. एखादी ताटली भोकावर बसली की पूर आलाच. शिवाय ज्या सिंकमध्ये पालक-मेथी धुवायची त्यात लेकराच्या लंगोटांचं पाणी सोडणं घरच्या बायांना पटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

दुसरी वाट दिसायला सगळ्यांत नीटस, आणि माझा विरोध तिलाच सगळ्यांत जास्त आहे. ओट्याखाली सिंकच्या पाइपाला तोटी काढून मशीनची नळी तिथेच जोडतात. बाहेर काहीच दिसत नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये, मोठ्या व्यासाच्या पाइपावर, हे बरं चालतं. आपल्याकडे सिंकखाली बहुतेक वेळा सव्वा इंची, वळ्यावळ्यांचा प्लास्टिकचा पाइप असतो. पंप मिनिटाला १५ ते २० लिटर पाणी फेकू शकतो. त्या पाइपाचा जीव तेवढा नसतो.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या एका घरी असा पाइप कापलेला पाहिला. काकूंची तक्रार साधी होती, "पाणी तं जाते जी भाऊ, पण मशीन लावली का सिंकातून फेस वर येते." कामाला आलेल्या पोराने पाइप उभा चिरला. प्रत्येक वळीत काळ्या मातीचा गाळ बसलेला, त्यावर कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर, आणि सगळं तेला-बेसनाने चिकटलेलं. वेचणीच्या दिवसांत आपल्या कपड्यांतून काय काय निघतं ते त्या एका हातभर पाइपात दिसत होतं. "काकू, पाइप नाही खराब, गळा बसला त्याचा," तो म्हणाला.

तरीही हीच वाट घ्यायची असेल तर दोन गोष्टी सोडू नका. वळ्यांचा पाइप काढून सरळ, गुळगुळीत ४० मिमीचा पीव्हीसी टाका. आणि मशीनची नळी आधी ओट्याच्या फरशीला टेकेल इतकी वर न्या, तिथे क्लिपने पक्की करा आणि मग तोटीकडे खाली उतरवा. हा वळसा नसेल तर सिंक तुंबल्यावर भांड्यांचं खरकटं पाणी नळीतून मशीनमध्ये उतरतं.

ज्यांचं घर स्वतःचं आणि मशीन पंपाची आहे, त्यांनी मशीनमागे स्वतंत्र उभा पाइप घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. भिंतीलगत दोन-अडीच फूट उंचीचा ५० मिमीचा पाइप, त्याच्या तळाशी पाणी धरणारा ट्रॅप, आणि तिथून भिंतीला भोक पाडून थेट बाहेर. सिंकशी संबंध नाही, दार ओलांडायचं नाही. अट एकच, मशीनमागची भिंत बाहेरची असावी, सामाईक नसावी. ओलिताच्या पाइपाचा ६३ मिमीचा तुकडा शेतात पडलेला असतो, तोही चालतो. त्याला तयार ट्रॅप सहज मिळत नाही. मग मिस्त्री एल्बो जोडून इंग्रजी यू करून देतात. त्या यूमध्ये निदान दोन इंच पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर नालीचा वास आणि झुरळं घरात येतात.

इथे एक चूक सर्रास होते. वास येतो म्हणून नळी आणि पाइप यांच्यामधली फट एम-सीलने लिंपून टाकतात. ती फट हवेसाठी असते. ती बुजली की वर सांगितलेला सायफन इथेही बसतो. नळी पाइपात वीतभर जाऊ द्या आणि भोवती मोकळं ठेवा. वास अडवणं हे ट्रॅपचं काम आहे.

भिंतीतून पाइप नेताना दर १० फुटांना ३ इंच ढाळ द्या. वळण शक्यतो एकच असावं, आणि त्या वळणावर एल्बोऐवजी टी बसवून एका तोंडाला चुडीचं, म्हणजे आट्यांचं, झाकण लावा, म्हणजे तंतू अडकले की तिथून तार घालता येते. भिंत मातीची असेल तर आधी मोठ्या पाइपाची बाही भिंतीत बसवा आणि सांडपाण्याचा पाइप तिच्यातून काढा. मातीच्या भिंतीत झिरपणारा सांधा बाहेरून दिसत नाही. पोपडे सुटायला लागतात तेव्हा कळतं, तोवर आत बरंच भिजलेलं असतं. बाहेरच्या तोंडाला उंदरांसाठी जाळी लावा, पण अर्ध्या इंचाच्या घराची. बारीक जाळी तंतूंनी लगेच बंद होते.

सेमी ऑटोमॅटिक असेल तर यातलं काहीच लागू पडत नाही. तिला न्हाणी ट्रॅप हवा, तोही मशीनच्या तळापेक्षा खाली. स्वयंपाकघराला लागून मोरी असेल तर भिंतीत जमिनीलगत भोक पाडून नळी तिकडे काढणं सगळ्यांत सोपं. नसेल तर मशीनखाली सहा इंचांचा सिमेंटचा ओटला बांधा, तेवढ्याने ढाळ मिळतो. सुट्या विटांवर उभी करू नका. पिळायला लागली की ती थरथरत सरकते आणि विटेवरून उतरते. दारातून आडवी नळी टाकणं ही रोजची ठेच आहे, आणि उंबरठा असेल तर पाणी तसंही पलीकडे जाणार नाही.

मग मशीन सरळ मागच्या आंगणातच का नको? सेमीसाठी मला हा पर्याय बहुतेक घरांत स्वयंपाकघरापेक्षा सरस वाटतो. पाणी दोन हातांवर नालीत जातं, आणि घरात ओल होत नाही. पण छप्पर हवं. चंद्रपूर-अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन प्लास्टिकच्या नळ्या कडक करून टाकतं. अर्थिंग असलेला प्लग हवा आणि तो पावसाच्या झडीपासून लांब हवा. उंदीर खालून शिरतात, त्यासाठी तळाला जाळी. बकरी बांधत असाल तर नळी तिच्या तोंडापासून दूर, हेही सांगून ठेवतो.

आता भिंतीबाहेरचं. मशीनच्या दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही, आणि गावात वाद होतात ते यावरूनच. फ्रंट लोड एका धुण्याला ५०-६० लिटर पाणी सोडते, टॉप लोड आणि सेमी त्याहून बरंच जास्त. हे पाणी संडासाच्या सेप्टिक टाकीत सोडू नका. साबणाने आणि एकदम आलेल्या लोंढ्याने टाकीतला गाळ ढवळून बाहेर निघतो. ग्रामपंचायतीची पक्की नाली दारापर्यंत असेल तर प्रश्न मिटला. नाली अर्धवट असेल तर पाणी शेवटी कोणाच्या दारात थांबतं ते आधी बघून या.

नाली नसेल तर शोषखड्डा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल हे नेहमीचं माप. पण वर्धा-यवतमाळच्या काळ्या मातीत नुसत्या मापावर जाऊ नका. ती माती भिजली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही. उन्हाळ्यात चांगला चाललेला खड्डा पावसाळ्यात काठोकाठ भरून उभा राहतो. मुरूम लागेपर्यंत खणता आलं तरच त्यात अर्थ आहे. खड्ड्याआधी एक छोटी कुंडी करून तंतू आणि गाळ तिथे अडवा, नाहीतर खड्ड्यात भरलेल्या गोट्यांमधल्या फटी बुजतात. विहिरीपासून, बोअरपासून निदान पन्नास फूट लांब. शोषखड्ड्याचं काम रोजगार हमीत बसतं, ग्रामपंचायतीत विचारून बघा. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांलगत घर असेल तर पावसाळ्यात भूजल वर येतं, तिथे खोल खड्डा उपयोगाचा नाही.

आणि परसबाग? इथे सेमीचा एक फायदा आहे जो जाहिरातीत येत नाही. तिचं साबणाचं पाणी वेगळं आणि खळबळल्याचं पाणी वेगळं काढता येतं. पहिलं नालीला, दुसरं केळीला, अळूला, कर्दळीला. पालेभाजीला नको. फुल्लीमध्ये दोन्ही एकाच नळीने येतं, नळी कुठे वळवायची ते बघायला कोणी तिच्याजवळ उभं राहत नाही. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या त्या गावांत, साबणाचं पाणी मातीत मुरवूच नका. तिथल्या जमिनीत सोडियम आधीच जास्त आहे, त्यात धुण्याच्या पावडरीतला सोडियम पडला की माती आणखी घट्ट होते आणि पाणी पिणं सोडते.

कोणतीही वाट घ्या, सिमेंट लावायच्या आधी पाइपाच्या तोंडात २० लिटरची भरलेली बादली मिनिटभरात सलग ओता. बाहेर एक माणूस उभा करा. वर पाणी चढलं नाही आणि बाहेरच्या सांध्यांवर थेंब दिसला नाही, तरच मिस्त्रीला भोक बुजवायला सांगा.