जागं स्वप्न टिकवताना : आठ महिन्यांचा अनुभव

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं उमगतं, त्याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. मला ते आधीही पडायचं, पण उमगलं की डोळे उघडायचे. जूनपासून मी एवढ्याच गोष्टीवर मेहनत घेतली, आत गेल्यावर थांबायचं कसं.

आमची केळी चोपडा तालुक्यात. शेतीपंपाची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात साडेतीनला उठून मोटार चालू करायची, ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायचे आणि पाचच्या आत परत खाटेवर पडायचं. वहीत नोंदी ठेवायला लागलो तेव्हा दिसलं, जवळपास सगळी जागी स्वप्नं या दुसऱ्या झोपेतली. स्वप्नांची मुख्य झोप, म्हणजे रेम, साधारण दीड तासाने फिरून येते आणि पहाटेकडे तिचा टप्पा लांबत जातो. मधे उठून पुन्हा निजलं की भान घेऊन तिच्यात शिरणं सोपं जातं.

दिवसाच्या लाइटच्या आठवड्यातही गजर लावून उठायचा प्रयत्न केला. डोकं जड, दिवसभर कामात लक्ष नाही. चार दिवसांत सोडून दिलं. झोप मोडून हे करू नका.

आता टिकवण्याबद्दल. पहिले दोन महिने काही क्षणांपुढे गेलोच नाही. स्वप्नात बहुतेक वेळा आजी दिसायची. ती जाऊन तीन वर्षं झाली. हे स्वप्न आहे आणि समोर आजी आहे, हे कळताच छाती भरून यायची, मी तिच्याकडे धावायचो आणि लगेच डोळ्यांसमोर छताचे पत्रे. आनंदच मला उठवत होता, हे समजायला फार वेळ गेला.

स्टॅनफर्डला संशोधन केलेले स्टीफन लाबर्ज दोन उपाय सांगतात. स्वप्न विरायला लागलं की स्वप्नातल्या अंगाने गरगर फिरायचं, नाहीतर तळहात एकमेकांवर घासायचे. फिरणं मला मानवलं नाही. स्वप्न बदलायचं आणि मी खाटेवर ‘जागा’ व्हायचो, मोटारीकडे निघायचो, मग खरंच जाग आल्यावर कळायचं की तेही स्वप्नच होतं. असं चारदा फसलो.

हात घासणं मात्र लागू पडलं. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा जमलं तेव्हा तळव्यांना केळीचा चीक लागलेला जाणवला, अगदी तसाच चिकट, घासला की गोळ्या होणारा. लक्ष त्या स्पर्शात गुंतलं आणि खाटेवरच्या अंगाची आठवण मागे पडली. विटत चाललेले रंग परत भरले. तेव्हापासून उमगलं की आधी हात, मग भिंत नाहीतर जमीन चाचपायची, आणि नजर एका जागी रोखून धरायची नाही. रोखली की चित्र फाटतं.

घरी सगळे म्हणायचे, अर्धवट झोपेतला भास आहे. म्हणून मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. रेममध्ये अंग लुळं असतं, पण डोळे हलतात. १९७५ साली इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकांनी याच वाटेने ॲलन वर्सली यांनी जाग्या स्वप्नातून ठरवून केलेली डोळ्यांची खूण नोंदवली, आणि तेव्हा वर्सली झोपेतच होते. माणूस आत जागा असू शकतो.

जानेवारीत, रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात, आजी जुन्या घराच्या चुलीपाशी कळण्याची भाकरी थापताना दिसली. मी धावलो नाही. दारात उभं राहून हात घासले, मग सारवलेल्या भिंतीला तळवा लावला. थंडगार होती. आजीने मान वर न करता विचारलं, “कव्हय उना रे?”

“आत्तेच उनू,” मी म्हणालो.

तिने भाकरी तव्यावरून काढून आरावर लावली. ती फुगून उतरेपर्यंत मी तिथे होतो.