शिबिराआधी ताई-दादांची तयारी: रविवारच्या बैठका, जागेवरचा मुक्काम की जुन्यांच्या हाताखाली?

मे महिन्यात खानदेशात पाल, तोरणमाळ नाहीतर पाटणादेवीच्या बाजूला मुलांचं निवासी शिबिर घ्यायचं ठरलं की जागा, बस, स्वयंपाकी, भांडीकुंडी यांच्या याद्या आधी होतात. मुलांसोबत चोवीस तास राहणारी ताई-दादा मंडळी मात्र ‘आहेत की आपली पोरं’ म्हणून शेवटी धरली जातात. यंदा तसं करू नका, असा माझा आग्रह आहे. शिबिर चांगलं झालं की नाही हे मुलं घरी जाऊन सांगतात ते ताई-दादांवरूनच.

माणसं किती लागतील ते आधी पाहू. अमेरिकन कॅम्प असोसिएशन निवासी कॅम्पसाठी ९ ते १४ वर्षांच्या दर ८ मुलांमागे एक आणि ६ ते ८ वर्षांच्या दर ६ मुलांमागे एक कार्यकर्ता सुचवते. हा हिशेब आपल्याकडेही धरायला हरकत नाही. पाचवी ते आठवीची ८० मुलं असतील तर किमान १० जण. स्वयंपाकी, ड्रायव्हर आणि हिशेब सांभाळणारे यात मोजायचे नाहीत. या दहांत साधारण निम्मे गेल्या वर्षी आलेले आणि निम्मे नवे असतात, त्यातही बहुतेक कॉलेजातले. त्यांची तयारी करायचे तीन रस्ते आपल्याकडे चालतात. तिन्हींत फरक खर्चाचा आहेच, पण त्याहून मोठा फरक कशातून काय शिकवता येतं याचा आहे.

रविवारच्या बैठका

फेब्रुवारी-मार्चपासून चार-पाच रविवार, जळगावात किंवा धुळ्यात एखाद्या शाळेचा वर्ग, चहा-पोहे आणि फळा. अमळनेर, चोपडा, शिरपूरकडची पोरं सकाळच्या एसटीनं येतात आणि संध्याकाळी घरी पोचतात. मुक्कामाचा खर्च नाही, घरच्यांची परवानगीही पटकन मिळते. मुलींच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही.

कागदाच्या आणि कायद्याच्या गोष्टी बैठकीतच नीट होतात. २०१२ चा पॉक्सो कायदा घ्या. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखानं दडवलं तर शिक्षा आणखी जास्त. ‘आधी आपापसांत बघू’ म्हणण्याची मुभाच नाही, हे वीस वर्षांच्या दादाला शांतपणे, प्रश्न विचारायला वेळ देऊन समजवावं लागतं. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर, एकट्या मुलाला घेऊन बंद खोलीत न बसण्याचा नियम, मुलांचे फोटो स्वतःच्या स्टेटसला न टाकण्याचा नियम, सगळं याच बैठकीत.

दुसरं काम पालकांच्या फॉर्मचं. दमा, फिट, कशाची ॲलर्जी, रात्री अंथरूण ओलं होणं. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यातली मुलं असतील तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रकाना हवाच. सिकलसेलच्या मुलाला पाणी कमी पडलं, फार दमछाक झाली किंवा एकदम गार पाण्यात उतरवलं, तर असह्य दुखणं सुरू होऊ शकतं. आपल्या गटात असं मूल आहे हे दादाला माहीत असलं, तर दुपारच्या खेळात त्याला पंच करता येतं, आणि त्याला वेगळं काढलं असंही वाटत नाही. फॉर्म हातात घेऊन, मुलागणिक ‘याच्यासाठी आपण काय बदलणार?’ असं विचारत बसायला बैठकीइतकी चांगली जागा नाही.

उणं असं की उपस्थिती टिकत नाही. मार्चनंतर लग्नसराई लागते, मग कॉलेजच्या परीक्षा. जो मुलगा सर्पदंशाच्या रविवारी मामाच्या लग्नाला गेला, त्याला सर्पदंश शिकवायचा राहून जातो, आणि ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. हजेरीचा तक्ता विषयवार ठेवलात तर हे थोडं आवरतं. पण पंख्याखाली बसून जे कळतं, ते त्रेचाळीस अंशात वीस मुलं भोवती असताना हाताला येतंच असं नाही.

जागेवरचा मुक्काम

इथे थोडं जास्त सांगतो, कारण माझा कौल याच बाजूला आहे.

शिबिर जिथे होणार तिथेच, मुलं येण्याआधी, ताई-दादांनी दोन-तीन रात्री राहायचं. अमेरिकेतले बहुतेक निवासी कॅम्प स्टाफला जवळपास आठवडाभर आधी बोलावतात. आपल्याला आठवडा परवडत नाही, पण दोन रात्री परवडतात. पहिली रात्र जागा ओळखण्यात जाते. संडासापर्यंत अंधारात किती पावलं, कुठल्या दगडावर पाय घसरतो, दुपारी कुठली भिंत तापते, नळाला पाणी किती वाजता येतं, मोबाईलला रेंज कुठल्या झाडाखाली मिळते. तोरणमाळला रेंजवर विसंबून चालत नाही. म्हणून गाडी आणि ड्रायव्हर कुठे असेल, सातपायरी घाट उतरून खाली शहाद्याला न्यायची वेळ आली तर सोबत कोण जाईल, मागे राहिलेल्या मुलांजवळ कोण थांबेल, हे त्या जागेवर उभं राहूनच ठरवा. जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे का, हेही त्याच मुक्कामात विचारून घ्या.

मग सराव. उष्माघाताचा सराव भर दुपारी करा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. सातपुड्यात वर गेलात तरी मुलं त्याच उन्हातून बसनं आलेली असतात. मूल असंबद्ध बोलायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर सावली, अंगावर पाणी, वारा आणि १०८. भान नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, तरीही सरावात कुणीतरी पहिल्यांदा पाण्याची बाटलीच पुढे करतं. म्हणून तर सराव. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरचं असतं, हेही प्रत्यक्ष बाटली मोजून करून घ्या. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकणारे पुष्कळ भेटतात.

साप चावला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. मुलाला धीर द्यायचा, चावलेला हात-पाय हलू न देता उचलून थेट दवाखान्यात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि कित्येकदा खूणही दिसत नाही. म्हणून अंथरुणं भिंतीपासून दूर घालणं, झोपण्याआधी झटकणं आणि पहाटे पोट दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला ‘काल आमरस जास्त झाला’ म्हणून न टाळणं, हे तिन्ही नव्या दादाच्या अंगवळणी पडायला हवं. विंचवाचंही तेच: घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, की वाट बघायची नाही.

मुक्कामातला सगळ्यात उपयोगी तास रात्री साडेदहाचा. दिवे मालवलेले. एक जुना दादा नऊ वर्षांचा मुलगा होतो आणि उशीत तोंड खुपसून सुरू करतो, ‘‘माले घर जानं शे. मनी मायले फोन लावा.’’ नवी ताई घाईघाईनं म्हणते, ‘‘रडू नको रे, उद्या किती मजा आहे.’’ दादा आणखी जोरात रडतो, शेजारचे दोघं उठून बसतात. थांबवायचं आणि पुन्हा करायचं. दुसऱ्या खेपेला ताई काही न बोलता त्याच्याजवळ खाली बसते, पाण्याची बाटली देते आणि विचारते, ‘‘तुनी माय आते काय करी ऱ्हायनी व्हई?’’ (तुझी आई आता काय करत असेल?) मुलगा सांगायला लागतो, म्हैस, गोठा, धाकटी बहीण. रडणं बोलण्यात वळतं. ही गोष्ट फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. अहिराणी, लेवा, पावरी, गुजर, ज्या बोलीतली मुलं येणार, त्या बोलीतलं बोलणारं प्रत्येक गटात कुणीतरी असावं, हेही त्या रात्री आपोआप सगळ्यांना पटतं.

अडचणी खऱ्या आहेत. जेवण, बस, जागेचं भाडं वाढतं. तारखा जमवणं तर त्याहून अवघड. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मागेपुढे मुक्काम ठेवलात तर मुली येणारच नाहीत, आणि यावं असं म्हणूही नये. माहेरी आलेल्या बहिणी, झोके, गाणी सोडून कोण येईल? विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक लागल्यावरच तारीख पक्की करा. पेपर पुढे सरकला तर काय, हेही आधीच बोलून ठेवा.

जुन्यांच्या हाताखाली

तिसरा रस्ता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा. नव्याला जुन्याच्या गटात द्यायचं, बघत बघत शिकेल. काही गोष्टी खरंच अशाच येतात. आवाज न चढवता साठ मुलांना शांत कसं करायचं, भाकरी नको म्हणणाऱ्याला पंगतीत कसं बसवायचं, भांडणात कुणाचं आधी ऐकायचं. चांगला जुना दादा सोबत असेल तर नवा तीन दिवसांत पुष्कळ शिकतो.

पण जुन्याच्या चुकाही तो तशाच उचलतो. पालजवळच्या ‘सुकी’ नावाच्या नदीच्या काठी मुलं पाण्यात पाय सोडून बसलीत असं धरा. जुना दादा चालता चालता नजरेनंच मोजतो, ‘‘आठ, बरोबर, चला.’’ त्याची नजर तयार आहे, त्याचं बहुतेक वेळा बरोबर येतं. नवा तेच करायला लागतो आणि एकाच लाल टोपीला दोनदा मोजतो. पाण्याजवळ मोजणी जोडीनंच व्हायला हवी: शिट्टी झाली की प्रत्येक जोडीनं हात धरून वर करायचा, आपला नंबर ओरडायचा, सगळे नंबर येईपर्यंत कुणी हलायचं नाही. दर दहा मिनिटांनी. जुन्याला ही कटकट वाटते, आणि नेमकं म्हणूनच हे त्याच्यावर सोडू नये. मुलांच्या जिवाशी संबंध असलेलं काहीही प्रत्यक्ष मुलांवर शिकायचं नसतं.

जुने-नवे एकत्र की वेगळे?

वरच्या तिन्हींपैकी काहीही निवडा, हा प्रश्न येतोच. माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे. सगळ्यांना एकत्र बसवलं की जुने कंटाळतात, मागे बसून गेल्या वर्षीच्या गमती काढतात, आणि नव्यांना आपण परक्याच्या लग्नात आलोय असं वाटतं. पूर्ण वेगळं केलं तर शिबिराच्या पहिल्याच दिवशी दोन टोळ्या दिसतात.

चालतं ते असं: जुन्यांना एक दुपार आधी बोलवा, फक्त त्यांना. गेल्या वर्षी कुठे घसरलो, कुठला नियम पाळला गेला नाही, यंदा काय बदललं, हे संयोजकांनी त्यांच्याशी मोकळेपणानं बोलायचं. त्यांच्यावर भरवसा आहे हे त्यांना त्यातून दिसतं. नव्यांसमोर त्यांच्या चुका निघत नाहीत, त्यामुळे ते बचावावर जात नाहीत. मग नवे आले की जुन्यांना भाषण द्यायला लावू नका. त्यांना मुलं व्हायला लावा. रडणारं, पळून जाणारं, चोरून मोबाईल आणणारं, ताईला उलट बोलणारं मूल त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं असतं, त्यामुळे सोंग खरं वठतं आणि कंटाळ्याला जागाच उरत नाही. प्रथमोपचार आणि पॉक्सो मात्र जुन्या-नव्या सगळ्यांना दर वर्षी पहिल्यापासून. ‘मला येतं’ म्हणणाऱ्यानं करून दाखवायचं, एवढंच.

एक गट मधला असतो, त्याच्याकडे दुर्लक्ष होतं: गेल्या वर्षीपर्यंत शिबिरार्थी असलेली, यंदा मदतीला आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं. त्यांना जागा माहीत, गाणी पाठ, पण कालपर्यंत ज्यांच्यासोबत झोपायचे त्यांनाच आता वेळेवर झोपवायचं आहे. कायद्यानं ती स्वतःही मुलंच आहेत. त्यांना स्वतंत्र गट देऊ नका, रात्रीची जबाबदारी देऊ नका, आणि मोठ्यांच्या मोजणीत त्यांना धरू नका.

तुमच्यासाठी कुठलं?

शहरातलं, सकाळी येऊन दुपारी घरी जाणारं शिबिर असेल तर बैठका पुरतात. फक्त शेवटची बैठक त्याच मैदानावर, त्याच वेळेला घ्या. निवासी शिबिराचं पहिलंच वर्ष असेल तर जागेवरच्या दोन रात्री टाळू नका, त्यासाठी एखादी सहल किंवा टी-शर्ट कमी करावा लागला तरी चालेल. पाच-सहा वर्षं त्याच जागी शिबिर होतंय आणि नवे दोन-तीनच आहेत, तर दोन रविवार आणि एक रात्र एवढं पुरेल, आणि मग नव्यांना जुन्यांच्या हाताखाली द्या. पण कुणाच्या हाताखाली, ते नाव तुम्ही ठरवा. मैत्रीवर सोडलं तर सगळे नवे सगळ्यात गमत्या दादाकडे जातात.

आणि मुक्काम संपणं व मुलांची बस येणं यात एक दिवस मोकळा ठेवा. ताई-दादांनी झोप काढावी, घरी जाऊन कपडे धुवावेत, आणि ज्याला मनातून जमणार नाही असं वाटतंय त्याला तसं सांगायची संधी मिळावी. त्या दिवशी एखाद्यानं माघार घेतली तर दुसरा उभा करता येतो. म्हणून यादीत दोन नावं जास्तीची ठेवा, आणि त्या दोघांनाही पूर्ण तयारीतून न्या.