खुर्च्या मांडायच्या की आत वळायचं?

"एक मन म्हणतं सोडून दे, दुसरं म्हणतं लोक काय म्हणतील." समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आलं की माझ्यासमोर दोन वाटा असतात.

पहिली गेस्टाल्ट या मानसोपचार पद्धतीची, फ्रिट्झ पर्ल्स यांनी रुजवलेली. एका खुर्चीत टोचून बोलणारं मन, समोरच्या खुर्चीत ते ऐकणारं. जागा बदलली की आवाज बदलतो, खांदे पडतात. निर्णय अडलेला असेल, स्वतःला सतत दोष द्यायची सवय असेल, तर ही वाट लवकर पुढे नेते. पण भावना एकदम उसळतात. लहानपणी अत्याचार सोसलेल्या माणसाला त्या अत्याचाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर घाईने बसवणं मला धोक्याचं वाटतं.

दुसरी वाट रिचर्ड श्वार्ट्झ यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेत मांडलेल्या इंटर्नल फॅमिली सिस्टिम्सची, म्हणजे मनाच्या आतल्या वेगवेगळ्या भागांना एका कुटुंबासारखं मानणाऱ्या पद्धतीची. इथे आतल्या दुखऱ्या भागाची राखण करणाऱ्या मनाची आधी परवानगी घ्यायची. "तू बाजूला झालास तर काय होईल अशी भीती वाटते?" एवढं विचारून थांबायचं. जखम खोल असेल तिथे मी हीच वाट निवडते. तरी तीही निर्धोक नाही. 'आत अजून कोण आहे?' असं खोदत राहिलं की कल्पनेलाच आठवण समजण्याची चूक होते. भास होत असतील, वास्तवाचं भान सुटत असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं.

वाट कुठलीही घ्या, शेवटची १० मिनिटं राखून ठेवा. पाय जमिनीला टेकवायचे, खोलीतल्या ५ वस्तूंची नावं घ्यायची, आज घरी सोबत कोण आहे ते विचारायचं. मगच दार उघडायचं.