पाच माणसांचा पाडवा, अर्धं जेवण विकतचं : काय घ्यावं, काय अजिबात घेऊ नये

सणाच्या स्वयंपाकाच्या रेसिप्या बघायला बसलं की पहिली अडचण प्रमाणाचीच येते, सगळं वाड्यातल्या खटल्याच्या हिशोबाने लिहिलेलं. एक किलो हरभऱ्याची डाळ घ्या म्हणे. अहो एक किलो डाळीत तेवढाच गूळ पडला की अडीच किलोच्या आसपास पुरण होतं, आणि आमच्याकडे खाणारे चार मोठे आणि एक सहा वर्षांची कार्टी, जिला पुरण हवं असतं पण पोळी नको असते. दरवर्षी पाडवा अकोल्याला सासरी व्हायचा, यंदा सासू-सासरेच पुण्याला आले आणि बायकोने जाहीर करून टाकलं की ती गुढी आणि पूजा बघेल, स्वयंपाक जावईबापू करणार. मी रोजचं वरण-भात-पोळी-भाजी करतो, त्यात काही नाही, पण पूर्ण नैवेद्याचं पान एकट्याने म्हणजे जरा टेन्शनच होतं.

म्हणून आमच्या भागातल्या एका घरगुती पदार्थांच्या दुकानातून अर्धतयार सामान मागवलं. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि तसंही पुण्यात आता अशी दुकानं बरीच झालीत, पाडवा-होळी आली की बाहेर पाटी लागते, पुरण किलोवर, अळूवडीचे उंडे, चक्का, पंचामृत, कुरडया वगैरे. तेव्हा हा रिव्ह्यू एका दुकानाचा कमी आणि या सगळ्या प्रकाराचाच जास्त समजा.

पुरण अर्धा किलो घेतलं. पन्नास ग्रॅमचा गोळा धरला तर दहा पोळ्या, पाच जणांना पुरे. पुरण खरंच चांगलं होतं, अगदी मऊ वाटलेलं, एकही कणी नाही, आणि पळी उभी राहील इतकं घट्ट आटवलेलं. गूळ-साखर निम्मी निम्मी असावी कारण रंग जरा उजळ होता, मला पूर्ण गुळाचं आवडतं पण हे चालून गेलं. जायफळ मात्र हात सैल सोडून घातलेलं, सासूबाई पहिल्या घासालाच म्हणाल्या, "जायफळ बरंच आहे हो, आता दुपारी सगळे झोपतील," आणि झोपले की सगळे. एक गोष्ट दुकानवाले सांगत नाहीत ती मी सांगतो. पुरण आणून फ्रीजमध्ये ठेवावंच लागतं, चैत्रातल्या उन्हात बाहेर राहिलं तर आंबतं, पण फ्रीजमधून काढून लगेच लाटायला घेतलं तर ते घट्ट आणि कणीक सैल, मग पोळी कडेला फाटते नाहीतर पुरण एकाच बाजूला गोळा होतं. तासभर आधी बाहेर काढा, हाताने मळून घ्या, कणकेसारखंच मऊ लागलं पाहिजे. कणीक आपली आपणच मळायची, थोडा मैदा, चिमूट मीठ-हळद, भरपूर तेलात तिंबून दोन तास झाकून. तयार पोळ्या पण होत्या त्यांच्याकडे, त्या घेऊ नका, तव्यावरून ताटात नाही आली तर पुरणपोळी कशाला करायची. किंमत म्हणाल तर महाग आहेच, अर्धा किलो पुरणाच्या पैशात डाळ-गूळ आणून घरी दोन किलोच्या वर पुरण होईल. पण मला दोन किलो नकोच होतं ना, आणि पुरणयंत्र घासायचं तर त्याहून नको होतं. त्या जाळीच्या भोकांत अडकलेली डाळ काढणं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

आता खरा मुद्दा, कट. डाळ शिजल्यावर चाळणीवर निथळून जे पाणी खाली येतं त्याचीच कटाची आमटी होते, हे सगळ्यांना माहीत आहे, पण पुरण विकत घेतलं की कट येत नाही हे ऑर्डर देताना कोणाच्या लक्षात येत नाही आणि दुकानवाले आपणहून विचारत नाहीत. त्यांच्या यादीत सतरा पदार्थांत "आमटीचा मसाला" आहे, कट नाही. मी आमटीचा विचार आधी केला होता म्हणून काउंटरवरच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो दादा, कुणी मागतच नाही, आम्ही ओतून देतो." ओतून देतात! एवढं पुरण करणाऱ्या दुकानात किती कट निघत असेल विचार करा, आणि लोक घरी जाऊन तूरडाळीच्या वरणात गोडा मसाला घालून त्याला कटाची आमटी म्हणतायत. मला त्यांनी डबाभर फुकट दिला, चारेक वाट्या, फक्त डब्याचं झाकण सैल होतं त्यामुळे थोडा स्कूटरच्या डिकीने प्यायला.

आमटी घरीच करा, अर्ध्या तासाचं काम आहे. कटात दोन चमचे पुरण कालवायचं, चिंचेचा कोळ, गोडा मसाला, मीठ, सुकं खोबरं आणि जिरं खमंग भाजून वाटून, आणि फोडणीत मोहरी-हिंगाबरोबर लवंग, दालचिनी, कढीपत्ता. पुरणाचा गोडवा असतो त्यामुळे गूळ चव बघूनच. पातळच ठेवायची, दाट केली की तिची उसळ होते. त्यांचा आमटी मसाला मी घेतला नाही, घरात गोडा मसाला असताना वेगळं पाकीट कशाला. कट नाहीच मिळाला तर मूठभर हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात मऊ शिजवा, पाणी काढून घ्या आणि त्यातलीच थोडी डाळ वाटून लावा, बरीच जवळ जाते.

अळूवडीचे उंडे या सगळ्यात पैसा वसूल. अळू धुवा, देठं आणि शिरा काढा, पानांवर पीठ फासा, गुंडाळ्या करा, उकडा, हे दोन उंड्यांसाठी कोण करणार. घशाला अजिबात खाज नाही, म्हणजे चिंच व्यवस्थित घातलेली. फक्त गार असतानाच पातळ कापा आणि कमी तेलात दोन्ही बाजूंनी कुरकुरीत होईपर्यंत परता, गरम उंडा कापलात तर सुटतो.

पंचामृत चवीला मस्त, मिरची, शेंगदाणे, तीळ, खोबरं सगळं जागच्या जागी. पण कमीत कमी पाव किलो. पानात पंचामृत चमचाभर वाढतात हो! पाच जणांत मोजून शंभर ग्रॅम संपलं असेल, बाकीचं नंतर पोळीला लावून लावून संपवतोय. माझी त्यांच्याबद्दल मुख्य तक्रार हीच आहे, जाहिरातीत "छोट्या कुटुंबासाठी" असं मोठ्या अक्षरात लिहायचं आणि डावीकडचं सगळं, चटणी म्हणू नका, लोणचं म्हणू नका, पाव किलोच्या खाली द्यायचं नाही. छोट्या कुटुंबाला ५० ग्रॅमची डबी लागते.

मसालेभाताचं रेडी मिक्स घेऊ नका. तांदळात मसाला आणि वाळलेले मटार घातलेलं पाकीट आहे ते, तोंडलीशिवाय आणि वरून ओल्या खोबऱ्याशिवाय मसालेभात होत नाही आणि ते दोन्ही तुम्हालाच आणायचंय. मी त्यातला मसाला बाजूला काढून मूगडाळीच्या खिचडीत वापरला, बरा लागला.

चक्का होता पण मी घेतला नाही, पुरणपोळी आणि श्रीखंड एकाच पानात म्हणजे पाच माणसांत दोन्ही उरतात. एक ठरवा. श्रीखंड-पुरी करणार असाल तर त्यांच्या चक्क्याबद्दल मला सांगता येणार नाही.

डिलिव्हरीबद्दल एकच सल्ला, सणाच्या सकाळी मागवू नका. त्यांनी व्हॉट्सॅपवर आठ ते दहा सांगितलं होतं, अळूवडी आणि पंचामृत आलं सव्वाअकराला, तोपर्यंत गुढी उभारून, कडुनिंबाची गूळ-हिंग-ओवा घातलेली चटणी सगळ्यांनी तोंड वाकडं करत खाऊन, सासरे दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेलेले. पुरण आणि कट मी आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन आणला होता म्हणून निभावलं. फोन केला तर मुलगा "निघालोय सर" एवढंच. नंतर मेसेज आला सॉरीचा, पण पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सवलत वगैरे, ते मला नकोय, मला नैवेद्य बाराला दाखवायचा होता.

बाकी बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर, वरण-भात, कुरडया तळणं हे घरीच केलं, त्यात विकत घेण्यासारखं काही नाही. केळीची पानं मंडईतून. पानाचं निमुळतं टोक डावीकडे, वर मधे मीठ, डावीकडे लिंबू-चटणी-कोशिंबीर-पंचामृत, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, हे बायकोने उभं राहून करून घेतलं. तुपाचा अंदाज मात्र पुणेरी घेऊ नका जर पाहुणे वऱ्हाडातले असतील. मी पोळीवर चमचाभर तूप सोडत होतो, सासूबाईंनी शांतपणे वाटी पुढे केली, "जावईबापू, वाटीत वाढा नं." त्यांच्याकडे पोळी जाड, पुरण कणकेच्या दुपटीहून जास्त आणि पोळी तुपात बुडवून. अर्धा किलो तूप आणलेलं होतं, संध्याकाळी बरणीचा तळ दिसला. आमटी दोनदा मागून घेतली त्यांनी, हे मात्र इथे नोंदवून ठेवतो.

तर मार्क. पुरण पाचपैकी चार, अर्धा जायफळाने घालवला आणि अर्धा किमतीने. अळूवडी पाच. पंचामृत चवीला साडेचार, प्रमाणाला शून्य. मसालेभात एक. डिलिव्हरी दीड. होळीला किंवा पुढच्या पाडव्याला कोणी अशा दुकानातून मागवणार असेल तर पुरण आणि उंडे एवढंच सांगा, आदल्या दिवशी स्वतः जा, आणि घरून घट्ट झाकणाचा डबा नेऊन कट मागा. जास्त लोकांनी मागितला तर विकायला काढतील हेही खरंय, पण ओतून देण्यापेक्षा ते बरं.