वंशावळीसाठी डीएनए चाचणी: टक्केवारी बाजूला ठेवा, जुळणाऱ्यांची यादी वाचा

डीएनए चाचणीचा निकाल आला की बहुतेक जण आधी रंगीत नकाशा उघडतात. इतके टक्के इथले, इतके टक्के तिथले. वंशावळ जुळवायला बसलेल्या माणसाला या पानाचा उपयोग सगळ्यांत कमी होतो. त्याच्या कामाचं पान म्हणजे डीएनए जुळणाऱ्या नातेवाइकांची यादी. त्या यादीत माणसं किती आहेत, त्यांच्यापैकी किती जणांनी आपली वंशावळ जोडली आहे आणि यादी चाळायला साधनं कोणती दिली आहेत, या कसोट्यांवरच या सेवांचं परीक्षण करायला हवं.

आधी टक्केवारीचा निकाल लावू. प्रयोगशाळा तुमच्या डीएनएवरची साधारण सहा-सात लाख ठिकाणं वाचते आणि ते वाचन क्वचितच चुकतं. गडबड होते ती अर्थ लावताना. टक्केवारी म्हणजे तुमच्या डीएनएच्या तुकड्यांची कंपनीने जमवलेल्या नमुनासंचाशी केलेली तुलना, आणि प्रत्येक कंपनीचा संच वेगळा. म्हणून एकाच माणसाचा नमुना दोन कंपन्यांकडे गेला तर आकडे वेगळे येतात. कंपनीने संच सुधारला की नवा नमुना न देताही जुन्या ग्राहकाचे टक्के बदलतात. ज्या प्रदेशातले नमुने संचात थोडे आहेत, तिथल्या लोकांच्या वाट्याला एकच मोठं, मोघम नाव येतं. सख्ख्या भावंडांचे टक्केही सारखे नसतात, कारण प्रत्येक पालकाचा निम्मा डीएनए मुलाकडे येतो आणि तो निम्मा कोणता हे दर वेळी नव्याने ठरतं. खंडाच्या पातळीवरचा अंदाज मानायला हरकत नाही. पण तीन-चार टक्क्यांच्या आकड्यावरून एखादा पूर्वज शोधायला निघणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

आता सेवा एकेक करून.

ॲन्सेस्ट्रीची चाचणी २०१२ पासून आहे आणि तिच्याकडे २.५ कोटींहून अधिक लोकांचे निकाल आहेत. एवढा साठा दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि वंशावळ जोडलेले ग्राहकही इथे भरपूर सापडतात. २०२० पासून ८ सेंटिमॉर्गनखालच्या (सेंटिमॉर्गन हे सामाईक डीएनए मोजायचं एकक) जुळण्या दाखवणं तिने बंद केलं. त्यावर बरीच नाराजी झाली, पण निर्णय योग्य होता, कारण इतक्या छोट्या जुळण्यांतल्या पुष्कळशा खोट्याच असतात. मोठी उणीव अशी की कोणत्या गुणसूत्रावरचा कोणता तुकडा जुळला हे ॲन्सेस्ट्री दाखवतच नाही. बाहेरच्या चाचणीची फाइलही ती घेत नाही. म्हणून एकच किट घ्यायचं असेल तर ते इथलं घ्यावं आणि कच्च्या माहितीची, म्हणजे प्रयोगशाळेने वाचलेल्या डीएनएची, फाइल उतरवून दुसरीकडे न्यावी. उलट दिशेने हे जमत नाही.

मायहेरिटेजचा साठा त्या मानाने लहान, पण युरोपातले ग्राहक तिच्याकडे चांगल्या संख्येने आहेत. तुकड्यांची तुलना, तिघांचा एकच तुकडा जुळतो का हे पाहणं आणि यादीचे आपोआप गट पाडणं या सोयी जागेवरच मिळतात. मात्र १५ सेंटिमॉर्गनखालच्या एकेकट्या जुळण्यांवर फार विसंबू नये. ट्वेंटीथ्री अँड मीचा ओढा आरोग्याकडे आहे, वंशावळ जोडणारे ग्राहक थोडे आणि यादीलाही मर्यादा. वंशावळीसाठी ही पहिली निवड नव्हे. फॅमिली ट्री डीएनए २००० पासूनची आहे. पितृवंश आणि मातृवंशाच्या सखोल चाचण्यांसाठी तिच्याकडेच जावं लागतं, पण सर्वसाधारण चाचणीचा तिचा साठा तोकडा आहे. जेडमॅच चाचणी करत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली एका ठिकाणी ताडून पाहायची ती जागा आहे. अमेरिकेतल्या ‘गोल्डन स्टेट किलर’ या मालिका-खुनांच्या प्रकरणातला आरोपी एप्रिल २०१८ मध्ये याच साठ्याच्या मदतीने सापडला. म्हणून फाइल चढवताना तपास यंत्रणांना तुलना करू द्यायची की नाही, हा पर्याय समजून निवडावा.

कंपनी कोणतीही असो, तुमच्या शाखेतल्या फार लोकांनी चाचणीच केलेली नसेल तर यादीत दूरचीच नावं दिसतील. हा दोष प्रयोगशाळेचा नाही. पण पैसे भरण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

नमुना देताना होणाऱ्या चुका अगदी साध्या असतात. लाळ देण्याआधी अर्धा तास खाणं, पिणं, धूम्रपान, च्युइंगगम काही नको. नळीवरच्या रेघेपर्यंत लाळच भरायला हवी, वरचा फेस त्यात धरायचा नाही. झाकणातला द्रव पूर्ण खाली उतरेल असं झाकण आवळून नळी हलवावी. तो द्रव मिसळला नाही तर प्रवासात नमुना खराब होतो. वृद्धांच्या तोंडाला कोरड असते. त्यांच्यासाठी गालाच्या आतून काडी फिरवून नमुना घेणारी किट सोपी पडतात. एकाच घरात दोन किट आली असतील तर उघडण्याआधीच दोन्हींवर नावं लिहावीत आणि नळीवरचा क्रमांक पोस्टात टाकण्याआधी संकेतस्थळावर नोंदवावा. अदलाबदल झाली तर आई मुलाच्या नावाखाली दिसू लागते. दुसऱ्याचा अस्थिमज्जा रोपण केलेल्या व्यक्तीने मात्र ही चाचणी करू नये, दात्याचा डीएनए मिसळून निकाल निरुपयोगी होतो.

चाचणी कुणाची करायची, यात खरी बचत आहे. सर्वांत वरच्या हयात पिढीपासून सुरुवात करावी. ज्या पूर्वजाचा शोध चालू आहे, त्याचा डीएनए दर पिढीला सरासरी निम्मा होत जातो. आजीचा नमुना मिळत असेल तर आजीच्या बाजूसाठी नातवाच्या नमुन्याने फार काही नवं कळत नाही. आई-वडील दोघांच्याही चाचण्या झाल्या असतील तर मुलाच्या यादीतून नवा खरा नातेवाईक निघत नाही. एकाच पालकाचा नमुना मिळाला तरी एखादी जुळणी कोणत्या बाजूची हे बहुतेक वेळा स्पष्ट होतं.

आता आकड्यांकडे वळू. सामाईक डीएनए सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. वंशावळ-अभ्यासक ब्लेन बेटिंगर यांच्या शेअर्ड सेंटिमॉर्गन प्रोजेक्टच्या २०२० च्या आवृत्तीत हजारो ज्ञात नात्यांचे आकडे एकत्र केले आहेत, आणि डीएनए पेंटर या संकेतस्थळावर ते विनामूल्य तपासता येतात. आजी-आजोबा सामाईक असलेल्या चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडांची सरासरी ८६६, पण पल्ला ३९६ ते १३९७. पणजी-पणजोबा सामाईक असतील तर सरासरी २२९, पल्ला ४१ ते ५९२. खापरपणजोबा सामाईक असतील तर सरासरी ७३ आणि पल्ल्याची सुरुवात थेट शून्यापासून.

हे पल्ले एकमेकांत किती घुसतात ते पाहा. १७५० च्या आसपासचा आकडा आजोबांचा असू शकतो, काकांचा किंवा आत्याचा असू शकतो, किंवा एकच पालक सामाईक असलेल्या भावंडाचाही. कंपनी त्यापुढे जे नातं छापते ते शक्यतांपैकी एक असतं. वय, राहण्याची ठिकाणं आणि दोघांना सामाईक असलेल्या इतर जुळण्या पाहिल्याशिवाय ते वंशावळीत लिहू नये.

जुळणी नसण्याचा अर्थही नातं पाहून लावावा लागतो. खापरपणजोबा सामाईक असलेल्यांपैकी साधारण दहा टक्के जोड्यांत मोजण्याजोगा डीएनए जुळतच नाही, त्याच्याही एक पिढी पलीकडे गेलं की निम्म्या जोड्यांत जुळत नाही. तिथे ‘जुळलं नाही म्हणजे नातं नाही’ असं म्हणता येत नाही. पण पणजोबा सामाईक असल्याचं कागद सांगतात आणि जुळणी शून्य आहे, असं असेल तर कुठेतरी दुवा तुटलेला आहे. एक तर वंशावळ चुकली आहे, नाहीतर कुणाचे जन्मदाते कागदावरच्या पालकांपेक्षा वेगळे आहेत.

पिढ्यानपिढ्या आपापसांत लग्नं झालेल्या समाजात आकडे फुगतात, कारण दोन माणसं एकाच वेळी अनेक वाटांनी नात्यात असतात. तिथे एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकडा पाहावा. १५० सेंटिमॉर्गन चार तुकड्यांत असतील आणि सर्वांत लांब तुकडा ६० चा असेल तर नातं बऱ्यापैकी जवळचं. तेच १५० बारा तुकड्यांत विखुरले असतील आणि एकही १५ च्या वर नसेल, तर नातं बेरीज सांगते त्यापेक्षा बरंच दूरचं असण्याची शक्यता जास्त. २०१८ मध्ये वंशावळ-अभ्यासक डेना लीड्स यांनी मांडलेली रंगांची पद्धतही अशा ठिकाणी कोलमडते. एरवी ती फार उपयोगी आहे. ९० ते ४०० सेंटिमॉर्गनमधल्या जुळण्या घ्यायच्या आणि एकमेकांशी जुळणाऱ्यांना एकच रंग द्यायचा. साधारण चार रंग पडतात, आजी-आजोबांच्या चार बाजूंचे. आपापसांत लग्नं असलेल्या घराण्यात मात्र सगळे एकाच रंगाखाली येतात.

आता कागद. यादीतल्या माणसाशी आपलं नातं किती जवळचं असू शकतं हे डीएनए सांगतो. ते कोणत्या पूर्वजातून आलं हे कागदच सांगतो, आणि कागदही सरसकट विश्वासाचा नसतो. प्रत्येक नोंदीला, खरं तर नोंदीतल्या प्रत्येक बाबीला, तोच प्रश्न विचारावा: ही माहिती कुणी दिली, कधी दिली, आणि त्याला ती ठाऊक असण्याचं कारण काय? मृत्यूच्या दाखल्यावरची मृत्यूची तारीख चार दिवसांत, जवळ असलेल्या माणसाने सांगितलेली असते, ती भक्कम. त्याच पानावर जन्मतारीख आणि आई-वडिलांची नावं जावयाने आठवून सांगितलेली असतात, ती कच्ची. एकाच कागदावर दोन दर्जाचा पुरावा असतो.

अस्सल कागदाचं छायाचित्र मिळत असेल तर सूचीवर, म्हणजे कागदांवरून उतरवलेल्या नावांच्या यादीवर, थांबू नये. सूची करणाऱ्याने अक्षर चुकीचं वाचलेलं असतं, आणि समासातला शेरा किंवा साक्षीदारांची नावं सूचीत येतच नाहीत. चुलत घराण्याचा धागा अनेकदा साक्षीदारांच्या नावांतच सापडतो. फॅमिलीसर्च या जुन्या कागदपत्रांच्या संकेतस्थळाने आपल्या सुमारे २४ लाख मायक्रोफिल्म रिळांचं डिजिटायझेशन २०२१ मध्ये पूर्ण केलं आणि ही सेवा विनामूल्य आहे. कागदपत्रांच्या बाबतीत मी तिला सर्वांत वर ठेवेन. तिथली सामाईक वंशावळ मात्र कुणीही बदलू शकतं. आपली स्वतंत्र प्रत ठेवलीच पाहिजे.

जुन्या नोंदींतली वयं शून्य किंवा पाचने संपणाऱ्या आकड्यावर आणून लिहिलेली असतात, त्यामुळे ‘४०’ म्हणजे ३७ ते ४३ धरून शोध घ्यावा. छापील कुलवृत्तांतातल्या शेवटच्या तीन-चार पिढ्या सहसा बऱ्या असतात, त्या जिवंत आठवणीतून आलेल्या असतात. वरच्या पिढ्या एखाद्या प्रतिष्ठित घराण्याला नेऊन जोडलेल्या आहेत का, हे तपासावं. सगळ्यांत जास्त आढळणारी चूक म्हणजे एकाच नावाच्या दोन माणसांना एक करणं. ती पकडायला सगळ्या नोंदी तारखेनुसार एकाखाली एक मांडाव्यात. बाळंतपणाच्या वेळी आई नऊ वर्षांची निघाली, किंवा मृत्यूनंतरच्या खतावर त्याच माणसाची सही दिसली, की जोड सुटा करायला घ्यावा.

ॲन्सेस्ट्रीचं थ्रूलाइन्स आणि मायहेरिटेजचं थिअरी ऑफ फॅमिली रिलेटिव्हिटी ही दोन्ही साधनं २०१९ मध्ये आली, आणि आज सर्वांत जास्त चुका त्यांच्यामुळे पसरतात असं माझं स्पष्ट मत आहे. साधनं वाईट नाहीत. ती तुमच्या जुळण्या आणि ग्राहकांनी जोडलेल्या वंशावळी एकत्र करून सामाईक पूर्वज सुचवतात. एका पूर्वजाखाली सहा जुळण्या दिसल्या की डीएनएने सिद्ध झालं असं वाटतं. पण त्या सहा जणांना तिथे बसवलं ते वंशावळींनी, आणि सहाही वंशावळी एकाच चुकीच्या मुळावरून उतरवलेल्या असू शकतात. तेव्हा तो साक्षीदार एकच. प्रत्येकाचा मार्ग कागदांवरून स्वतंत्रपणे चढून पाहावा. आकडा त्या नात्याच्या पल्ल्यात बसतो का, ती माणसं एकमेकांशीही जुळतात का आणि दुसऱ्या एखाद्या शाखेतून नातं येत नाही ना, एवढं तपासल्यावरच नाव पक्कं करावं.

पितृवंशाची चाचणी बापाकडून मुलाकडे जाणारी एकच रेषा पाहते. वाय गुणसूत्रावरच्या तपासलेल्या ३७ खुणा तंतोतंत जुळल्या तरी सामाईक पुरुष बऱ्याच पिढ्या मागे असू शकतो. नेमकेपणा हवा असेल तर १११ खुणांची किंवा बिग वाय-७०० ही फॅमिली ट्री डीएनएची अधिक सखोल चाचणी लागते. मातृवंशाची पूर्ण चाचणी आईकडून मुलांकडे येणाऱ्या डीएनएची १६,५६९ अक्षरं वाचते, पण तो डीएनए इतका सावकाश बदलतो की पूर्ण जुळणीवरूनही काळ सांगता येत नाही. दोन बायका एकाच आईच्या मुली होत्या हा दावा खोडायला मात्र ती उत्तम आहे.

ट्वेंटीथ्री अँड मीमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झालेल्या चोरीत दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून सुमारे १४ हजार खाती उघडली गेली, आणि नातेवाइकांच्या यादीमार्गे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे ती सहसंस्थापिकेच्या ना-नफा संस्थेकडे गेली. कुठल्याही सेवेत वेगळा पासवर्ड आणि दोन टप्प्यांची ओळख ठेवावी, कच्ची फाइल आपल्या संगणकावर उतरवून ठेवावी आणि महत्त्वाच्या जुळण्यांची नावं, आकडे, तारीख लिहून ठेवावेत. खातं बंद करताना निकाल काढणं, साठवलेला नमुना नष्ट करायला सांगणं आणि संशोधनाची संमती मागे घेणं या तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक केली म्हणून बाकीच्या झाल्या असं धरू नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा नमुना घेण्याआधी अनपेक्षित भावंड किंवा वेगळा पिता समोर आला तर ते जाणून घ्यायचं आहे का, हे त्यांना सरळ विचारावं. नको म्हणाले तर किट बंदच ठेवावं. आणि वारसाहक्काच्या किंवा न्यायालयीन कामासाठी हे निकाल घेऊन जाऊ नयेत. नळीत लाळ कुणाची होती हे कुणी ओळखपत्र पाहून तपासलेलं नसतं. त्या कामासाठी साक्षीने नमुना घेणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच गाठावी लागते.