‘सूटेबल फॉर’ लिहिलेलं ऑइल आणि फेटाळलेला वॉरंटी क्लेम

गाडी चाळीस हजार किलोमीटर चाललेली, वॉरंटी अजून शिल्लक. टर्बो शिट्टी मारायला लागतो, ऑइल कमी होऊ लागतं आणि एक दिवस डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये ऑइल पॅन उघडला की तळाशी डांबरासारखा गाळ निघतो. मालकाला पहिला प्रश्न येतो, मागच्या वेळी ऑइल कुठलं टाकलं होतं? मालक बिल पुढे करतो. त्यावर एवढंच असतं: ‘इंजिन ऑइल, फुल्ली सिंथेटिक, ३.५ लिटर’. ग्रेड नाही, गाडी कंपनीची मान्यता नाही, बॅच नंबर नाही. क्लेम तिथेच फेटाळला जातो आणि टर्बोचा किंवा अख्ख्या इंजिनाचा खर्च मालकाच्या गळ्यात पडतो.

इंजिन बिघडलं तेव्हा फसवणूक उघडी पडली, पण ती झाली होती ऑइल विकलं गेलं त्या दिवशीच. बहुतेक वेळा ती डब्यावरच्या एका शब्दात असते.

‘सिंथेटिक’ हा शब्द वॉरंटीच्या कामाचा नाही. पूर्वी तो रसायनांपासून घडवलेल्या बेस ऑइलसाठी, म्हणजे ज्यात बाकीचं मिसळतात त्या मूळ तेलासाठी, वापरत. कच्च्या तेलावरच जास्त प्रक्रिया करून बनवलेल्या ‘ग्रुप ३’ बेस ऑइललाही सिंथेटिक म्हणता येईल, असा निर्णय १९९९ साली अमेरिकेतल्या जाहिरात-तक्रार मंडळाने दिला आणि पुढे तीच पद्धत बऱ्याच देशांत रुळली. ग्रुप ३ चं ऑइल वाईट असतं असं अजिबात नाही. आजची कितीतरी उत्तम ऑइलं त्याचीच आहेत. पण बेस ऑइल कसलं आहे यावरून ते तुमच्या इंजिनाला चालेल की नाही हे कळत नाही. ते ठरतं त्यात मिसळलेल्या ॲडिटिव्हवर, म्हणजे पूरक रसायनांवर, आणि पास केलेल्या चाचण्यांवर.

घट्टपणाचा आकडाही पुरेसा नाही. ‘५डब्ल्यू-३०’ लिहिलेले दोन डबे शेजारी ठेवा. शंभर अंश सेल्सिअसला दोन्हींची व्हिस्कॉसिटी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असेल. पण एक एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) सी३ दर्जाचं असेल, तर त्याची सल्फेटेड ॲश ०.८ टक्क्यांच्या आत असते आणि प्रचंड तापमानात, वेगाने घासलं जाताना टिकणारी जाडी, म्हणजे एचटीएचएस, किमान ३.५ असते. दुसऱ्या डब्यातल्या ऑइलचा एचटीएचएस २.९ असला तरी तो ‘३०’च. ३.५ मागणाऱ्या इंजिनात हे दुसरं ऑइल घातलं तर बेअरिंगवरची तेलाची फिल्म पातळ पडते. राखेचं दुखणं वेगळं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ होताना, जळून जाते, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, ती कायमची साठते. एसीईएच्याच ए३/बी४ दर्जाच्या ऑइलात राख १.६ टक्क्यांपर्यंत चालते. तसलं ऑइल डीपीएफच्या गाडीत दोन-तीन सर्व्हिसिंग टाकलं की फिल्टर वेळेआधी भरतो, वारंवार रिजनरेशन सुरू होतं, त्यातलं डिझेल ऑइलात उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणून बरं वाटून घेऊ नका.

लहान टर्बो पेट्रोल इंजिनांचा धोका आणखी निराळा. कमी आरपीएमला जोर दिला की मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतं, त्या धक्क्याने पिस्टन तडकतो. ऑइलमधलं कॅल्शियमचं डिटर्जंट जास्त असेल तर हे वाढतं. म्हणूनच एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या), मे २०२० पासून आलेल्या एसपी दर्जात याची आणि टायमिंग चेनच्या झिजेची स्वतंत्र चाचणी आहे. दुकानाच्या मागच्या फळीवर राहिलेला एसएल किंवा एसएम या आधीच्या दर्जांचा जुना डबा सवलतीत गळ्यात मारतात, तो याच इंजिनांना महागात पडतो. एसपी मागितलं असताना त्याच्या आधीचं एसएन चालत नाही. एसएन मागितलं असेल तर एसपी चालतं.

आता डब्यावरची भाषा. तीन प्रकारचे शब्द असतात आणि त्यांची किंमत सारखी नाही. ‘अप्रूव्ह्ड’ म्हणजे गाडी कंपनीने ते ऑइल तपासून मान्यता दिली. ‘मीट्स’ म्हणजे ऑइल बनवणारा स्वतः सांगतो की दर्जा पूर्ण होतो. ‘सूटेबल फॉर’ किंवा ‘रेकमेंडेड फॉर यूज व्हेअर’ म्हणजे विक्रेत्याचं मत. मर्सिडीजच्या बाबतीत ‘एमबी-अप्रूव्हल २२९.५२’ असं लिहिलेलं असेल तरच मान्यता समजायची. नुसतं ‘एमबी २२९.५२’ असेल तर तो दावा. फोक्सवॅगनच्या ५०८ ००/५०९ ०० या मान्यता-कोडचं ०डब्ल्यू-२० ऑइल हिरवट रंगाचं असतं आणि ते ५०४ ००/५०७ ०० मागणाऱ्या इंजिनात घालायचं नसतं. नवीन नंबर म्हणजे सरस, हे इथे लागू नाही. आणि एसीईए स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. तिथे सगळा भार उत्पादकाच्या घोषणेवर असतो, त्यामुळे ‘एसीईए सर्टिफाइड’ असे शब्द दिसले तर तो डबा खाली ठेवा.

एपीआयचं मात्र परवाना देणारं तंत्र आहे. गोल कड्यासारख्या चिन्हात वरच्या अर्ध्या भागात ‘एपीआय सर्व्हिस एसपी’ आणि मध्ये ग्रेड असते. चिन्ह नसताना नुसत्या अक्षरांत ‘एपीआय एसपी’ छापलं असेल, तर परवाना आहे असं धरू नका. परवानाधारकांची यादी एपीआयच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, ब्रँडचं नाव टाकून दोन मिनिटांत खात्री होते. चुकीच्या लेबलची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. चांदणीसारखं जे दुसरं चिन्ह असतं ते गाडी कंपन्यांच्या आयएलसॅक समितीच्या जीएफ-६ए आणि त्यानंतरच्या जीएफ-७ए दर्जासाठी, आणि त्यात ३० च्या वरची ग्रेड बसतच नाही. ५डब्ल्यू-४० च्या डब्यावर ती चांदणी दिसली तर लेबल चुकीचं आहे. ०डब्ल्यू-१६ वर चांदणी नव्हे, ढालीचं चिन्ह हवं.

हे झालं खऱ्या डब्याचं. बनावट माल हा वेगळाच धंदा. भंगारात आलेले नामांकित ब्रँडचे रिकामे डबे धुऊन त्यात गाळून उजळवलेलं वापरलेलं ऑइल किंवा साधं बेस ऑइल भरतात. नवं झाकण लावतात, सील पुन्हा चिकटवतात. ओळखायचं असेल तर झाकणाची कडी तुटलेली आहे का पाहा, आतल्या ॲल्युमिनियमच्या सीलच्या कडेला दुहेरी डिंकाचे डाग आहेत का पाहा. डब्यावर छापलेला बॅच नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळवा. एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादकाचा पत्ता आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क हे चारही कायद्याने छापलेले हवेत. रंग आणि वास यांवर जाऊ नका. पारखी मेकॅनिकलाही त्यावरून खात्रीने सांगता येत नाही.

ड्रममधल्या लूज ऑइलचा प्रश्नही इथेच येतो. ड्रममधून काढलेलं ऑइल वाईटच असतं असं नाही, सर्व्हिस सेंटरही ड्रम वापरतात. पण ड्रममधून घातलं आणि बिलात सीलबंद डब्याचा दर लावला, ही उघड लूट आहे. ड्रमचं लेबल बघू द्या म्हणा. नकार मिळाला तर गाडी बाहेर काढा. लिटरही मोजा. इंजिनात ३.१ लिटर लागतं आणि बिल ३.५ चं असेल, तर उरलेलं ऑइल तुमच्या पैशाचं आहे, ते डब्यासकट मागून घ्या. फ्लशिंगला (इंजिन आतून धुण्याला) आणि वरून घालायच्या ॲडिटिव्हला सरळ नाही म्हणा. बहुतेक मॅन्युअलमध्ये त्यांना मनाई असते आणि क्लेम नाकारायला ते आयतं कारण ठरतं.

सर्व्हिसिंगला जाण्याआधी मॅन्युअलमधल्या ऑइलच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ग्रेड आणि मान्यतेचा कोड, दोन्ही. डबा समोर फोडायला सांगा, लेबलच्या पुढच्या-मागच्या बाजूचा आणि बॅच नंबरचा फोटो काढा. बिलावर ब्रँड, ग्रेड, मान्यतेचा कोड, लिटर, बॅच नंबर, फिल्टरचा पार्ट नंबर, किलोमीटर आणि तारीख लिहून घ्या. मेकॅनिक कुरकुरला तरी चालेल. डब्यात तळाशी दोनशे मिलिलिटर ऑइल राखून, झाकण घट्ट लावून, पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत जपून ठेवा. वाद झालाच तर प्रयोगशाळेत तुलनेला हाच नमुना कामाला येतो.

आणि क्लेम आधीच फेटाळला गेला असेल तर? इंजिनातलं ऑइल कुणालाही काढू देऊ नका. दोघांसमोर दोन बाटल्यांत नमुना घ्या, बाटल्या सील करून सह्या घ्या. नकार लेखी मागा, त्यात वॉरंटीचं नेमकं कलम आणि ऑइलमुळेच बिघाड झाला हे कशावरून ठरवलं ते लिहायला लावा. ‘बाहेर सर्व्हिसिंग केलं’ एवढ्याच कारणावर अडू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना दंड करताना, स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीवर आक्षेप घेतला होता. त्यावर अपिलं झाली, तरी पत्रात हा आदेश नमूद करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

राखलेला नमुना फेकायची वेळ आली की डबा तसाच भंगारात देऊ नका. खिळ्याने तळाला दोन-तीन भोकं पाडा, लेबल फाडा, झाकण वेगळं टाका. तोच डबा धुऊन, भरून दुसऱ्या कुणाच्या गाडीपर्यंत पोहोचू शकतो.